सात बोलांचे चंडोल

सरकारनं मला चंडोलांसाठी नोकरीवर ठेवलं होतं असं सांगितलं की लोक हसतात. हसून घ्यावं. मी तोवर थांबतो.

तिवशाच्या रस्त्याला एक सरकारी कुरण होतं, तिथं मी नाकेदार होतो. नाकेदार म्हणजे जंगलखात्यातला सगळ्यात खालचा माणूस. त्याला खाकी डगला मिळतो आणि त्याच्या वर सगळे साहेबच असतात. त्यातही मी हंगामी, चार वर्षांपासून. दर मार्चअखेर मला घरी पाठवत आणि जूनमध्ये परत बोलावत. मधले दोन महिने मी कोण असतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कुरणात गवत होतं, सरडे होते, आणि चंडोलांच्या चौदा माद्या होत्या. नर एकही नव्हता. चंडोल दिसायला काही विशेष नाही. मातीच्या रंगाचा, चिमणीहून जरा मोठा, डोक्यावर तुरा. त्याची सगळी मिजास गळ्यात. लागोपाठ दोन हिवाळे पाखरं धरणारे जाळी घेऊन आले आणि गाणारा प्रत्येक चंडोल धरून घेऊन गेले. मादी गात नाही. जी गात नाही तिला बाजारात कुणी विचारत नाही, म्हणून ती वाचते. तर ह्या चौदा जणी अशा वाचल्या होत्या आणि रोज सकाळी दगडांवर बसून असायच्या.

इकडे असं, आणि तिकडे बार्शीटाकळीकडे आमच्या गावाजवळ तलाव होऊ घातला होता. जे माळरान पाण्याखाली जाणार होतं ते चंडोलांनी भरलेलं होतं. गावही जाणार होतं. म्हणजे वरचं गाव राहणार होतं, आमची वस्ती जाणार होती. वस्ती उताराला होती. वस्त्या उतारालाच का असतात हे इंजिनिअरला विचारायची पद्धत नव्हती.

त्या वस्तीत माझी आई, केशरबाई, एकटी राहायची. तिला पर्यायी जागा म्हणून दोन मैलांवरचं मुरमाड टेकाड दाखवलं होतं. टेकाडावर पाणी नव्हतं. ती म्हणाली होती, "खाली पाण्यात बुडा नाई तं वर पाण्यावाचून मरा. सरकारनं दोनी सोय केली." मी कायम झालो असतो तर मला कुरणावर क्वार्टर मिळालं असतं, आणि आई माझ्याकडे आली असती. मला दुसरं काही नको होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते कशासाठी केलं हे विचारावं लागणार नाही.

अमरावतीला तेव्हा गोगटे साहेब होते, पुण्याचे. त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. इथं नर नाहीत, तिथं नर बुडणार आहेत. मोठा पक्षी हलवला तर उडून परत जातो, म्हणून पिल्लं हलवायची. पिल्लाला गाणं जन्मतः येत नाही, ते बापाचं ऐकून शिकतं, म्हणून इथं शिकवायला कुणीतरी पाहिजे. साहेबांचं सगळं बरोबर होतं. साहेब मूर्ख नव्हते. अशा गोष्टीत साहेब मूर्ख असला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण माझा नाइलाज आहे.

"देवमन," ते मला म्हणाले, "ही योजना पार पडली तर कायम करण्यासाठी तुझं नाव मी स्वतः पाठवीन. माद्या आणि नर एकत्र आले पाहिजेत. बाकी निसर्ग बघून घेतो."

चंडोल शिकवणारा म्हणून रेंजर साहेबांनी अकोल्याच्या अब्दुल सत्तारचं नाव सांगितलं. सत्तारचाचा पिंजारी होते. दिवसभर कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, आणि उरलेला सगळा जन्म त्यांनी चंडोलांना दिला होता. त्यांच्याकडे मुन्शी नावाचा एक म्हातारा चंडोल होता. खात्यानं चाचांना टपालानं पत्र पाठवलं. त्यावर 'श्री. अब्दुल सत्तार, चंडोल-शिक्षक' असं टाइप केलेलं होतं. चाचांनी ते पत्र काचेत मढवून दुकानात लावलं. गादी घ्यायला आलेल्या माणसाला आधी ते वाचावं लागे, मग गादी.

अकोल्यात तेव्हा थंडीच्या दिवसांत चंडोलांची दंगल भरायची. मैदानात पिंजरे ओळीनं मांडायचे, पंच समोर बसायचे, आणि कोणता पक्षी किती बोल स्वच्छ काढतो ते मोजायचे. बोल म्हणजे नक्कल. घारीची शीळ, टिटवीची कटकट, मांजराच्या पिल्लाचं रडणं, मोटेच्या चाकाची कुरकुर. मुन्शीला सात बोल येत होते. सातवा होता जिनिंगचा, म्हणजे कापसाच्या कारखान्याचा, भोंगा बंद होतानाचा शेवटचा उतार. तो निघाला की मैदानातली माणसं टोप्या काढायची, असं चाचा सांगायचे. मी ते पाहिलेलं नाही, पण चाचा खोटं बोलत नसत. पुढे एकदाच गप्प राहिले.

नियम एकच होता. चंडोलानं मध्येच आपला स्वतःचा, माळावरचा बोल काढला की पिंजरा बाद. त्याला 'जंगली बोल' म्हणायचे. म्हणून शिकवताना पाखरानं जंगली बोल काढला की लगेच पिंजऱ्यावर कापडाची खोळ टाकायची. अंधार झाला की पाखरू गप्प होतं. असं शंभरदा, दोनशेदा केलं की त्याला कळतं की हा बोल काढला की दिवस बुडतो. मग ते तो बोल सोडून देतं. मुन्शीनं तो दहा वर्षांपूर्वीच सोडला होता.

एकसष्टच्या पावसाळ्यात मी आणि चाचा बार्शीटाकळीच्या माळावर पिल्लं उचलायला गेलो. घरटी जमिनीवर, ढेकळाच्या आडोशाला. चाचा पिल्लू तळहातावर घ्यायचे, छाती आणि चोचीचं बूड बघायचे, आणि मादी असली की परत ठेवायचे. नऊ नर घेतले. माद्या तर कुरणावर होत्याच, त्यामुळे साहेबांचीही हीच आज्ञा होती. मोटारीत कंडक्टरनं टोपलीत काय आहे विचारलं. चाचा म्हणाले, "विद्यार्थी हायेत. शाळेत चालले."

कुरणावरच्या चौकीसमोर जाळीचा मोठा पिंजरा केला. मुन्शीचा पिंजरा मध्ये टांगला. मी दिवसभर नाकतोडे धरायचो, तोडून भरवायचो. भरवताना मला एक सवय होती. लहानपणी त्याच माळावर मी शेळ्या राखल्या होत्या. तिथला चंडोल उडण्याआधी तीन सुरांची हाक देतो. एक खाली, एक वर, आणि एक लांबलचक खाली घसरणारा. ती शीळ माझ्या तोंडात बसलेली होती. मी ती घातली की नऊच्या नऊ चोची उघडायच्या.

चाचांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मुन्शीच्या पिंजऱ्यावर खोळ टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यावरही टाकतात की काय.

"नाकेदार, तोंड आवरा. जंगली बोल काहून शिकवून राहिले लेकराइले?"

"सहज आला, चाचा."

"सहज येते तोच तं काढा लागते. सरकारनं मले पत्र देल्लं हाये. माह्या हातून गावठी पाखरू नाई निंगाचं."

मी तोंड आवरलं. तोंड आवरायची मला सवय होती. अमरावतीच्या वसतिगृहात मी पाचवीत गेलो तेव्हा एक मास्तर होते. मी 'मले' म्हणालो की बोटांवर पट्टी. 'तुले' म्हणालो की पट्टी. सहा महिन्यांत मी असा शुद्ध बोलायला लागलो की सुटीत घरी गेलो तेव्हा आईनं विचारलं, पाहुण्यासारखा काहून बोलतो. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. मास्तरांचा मला अजून राग येतो, आणि त्यांच्यामुळेच मला नोकरी लागली, हेही खरं आहे.

दिवाळीनंतर नऊ नर सोडले. चाचा मुन्शीला घेऊन अकोल्याला गेले. पाखरं हिवाळाभर गवतात भटकली. योजनेसाठी त्या वर्षी मला मार्चअखेर घरी पाठवलं नाही. चैत्र लागला आणि गाणं सुरू झालं.

असं गाणं त्या कुरणानं कधी ऐकलं नसेल. प्रत्येक मोठ्या दगडावर एक नर. घार, टिटवी, मांजर, मोट, एकापाठोपाठ एक, न अडखळता, आणि शेवटी अकोल्यापासून इतक्या लांब, उघड्या रानात, जिनिंगचा भोंगा हळूहळू बंद व्हायचा. रस्त्यानं जाणारे बैलगाडीवाले गाडी थांबवून इकडेतिकडे बघायचे. मी चाचांना पत्र टाकलं. पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आले, नवीन लुंगी नेसून.

आम्ही पळसाखाली बसलो. समोर वीस पावलांवर दगड, दगडावर नर. सात बोल झाले. चाचा प्रत्येक बोलाला बोट मिटत होते. सातवं बोट मिटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकबी सूर नाई सांडला," ते म्हणाले.

तेवढ्यात मादी आली. अकरा उरल्या होत्या तेव्हा. ती दगडाखाली उतरली, तुरा उभा केला, मान वाकडी केली. नरानं पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं. ती ऐकत होती. मधूनच एखादा दाणा टिपायची आणि परत मान वर करायची. सात बोल झाले तरी ती उभीच राहिली. आता काहीतरी व्हायचं आहे आणि ते झालं की मग, अशी उभी राहिली. मग तुरा पाडला आणि उडून गेली. नरानं परत पहिल्यापासून सुरू केलं.

"बायकोजातीले गाणं समजत नाई," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसरी आली आणि गेली. तिसऱ्या दिवशी एकाच दगडाखाली दोघी येऊन गेल्या. संध्याकाळी चाचा पळसाखालून उठून चुलीपाशी येऊन बसले. मी चुलीवर चहा ठेवला. मला कळलं होतं, आणि त्यांनाही कळलं होतं, आणि आधी कुणी बोलायचं एवढाच प्रश्न होता.

"त्या ज्याची वाट पाहून राहिल्या ना," शेवटी चाचा म्हणाले, "ते याइच्या गाण्यात नाई. ते म्या मुन्शीच्या गाण्यातून काढलं. दहा वर्साआधी मेहनत करून काढलं."

मला संताप आला. मी म्हणालो, "मी तर शीळ घालत होतो. तुम्ही मला गप्प केलं."

"तुमी काहून गप्प झाले?"

मी चहा जरा जास्तच जोरात ओतला. थोड्या वेळानं चाचा म्हणाले, "साहेबाले सांगू नका. मुन्शी म्हातारा झाला. या वर्सी जाते की पुढच्या. जाताना त्याले नापास म्हणू नका." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या डोक्यात मुन्शी नव्हताच. माझ्या डोक्यात टेकाड होतं.

मे महिन्यात गोगटे साहेब तपासणीला आले. पहाटेच आले, म्हणजे गाणं ऐकायला मिळेल. मिळालं. नऊही दगड गात होते. आता एक गोष्ट सांगतो, जी मला तेव्हा माहीत होती आणि साहेबांना नव्हती. ज्या नराची जोडी जमते तो इतका गात नाही. त्याला घरटं असतं, कामं असतात. सकाळपासून दुपारपर्यंत गाणारा नर म्हणजे ज्याच्याकडे कुणी आलेलं नाही तो. कुरण जितकं दणाणत होतं तितकी योजना फसली होती. साहेब टोपी हातात घेऊन उभे होते आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्यांचं वाईट वाटलं.

त्यांनी वही काढली. "गाणं उत्तम. पक्षी तब्येतीनं उत्तम. माद्या येतात?"

मी म्हणालो, "येतात, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. मी पुढे अजून एक वाक्य बोलणार होतो. ते वाक्य लहान होतं, दोन शब्दांचं. साहेबांनी वर पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या आईची सोय झाली का रे?" त्यांना आठवण होती. चांगला माणूस होता. मी म्हणालो, अजून नाही. ते म्हणाले, "होईल आता." मग त्यांनी वही मिटली.

खरं सांगायचं मी ठरवलं होतं. कायम केल्याचा हुकूम हातात पडला की त्याच दिवशी सांगायचं, असं ठरवलं होतं. हुकूम अकरा जुलैला आला. पुढच्या तुकडीची तीस पिल्लं नऊ जुलैला आली. मुन्शी त्यांच्या आधीच येऊन पिंजऱ्यात टांगलेला होता. मग मी ठरवलं, क्वार्टर मिळालं की सांगू. क्वार्टर बांधायला घेतलं ते सप्टेंबरात. पिल्लू जे शिकायचं ते पहिल्या दोन महिन्यांत शिकतं. सप्टेंबरात सांगून कुणाचाच काही फायदा नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरं होतं, आणि त्यामुळे मला काडीचंही बरं वाटलं नाही. त्या पावसाळ्यात मी रांगत रांगत अख्खं कुरण पालथं घातलं. एक घरटं मिळालं. ते तित्तिराचं निघालं.

मुन्शी त्याच थंडीत गेला. चाचांनी कार्ड टाकलं. 'मुन्शी अल्लाला प्यारा झाला. अडतीस शागीर्द मागे.' आकडा एकानं चुकला होता. मी दुरुस्त केला नाही.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत मी आईला आणलं. तलावाचं पाणी तेव्हा तिच्या चुलीपासून हाकेवर आलं होतं. क्वार्टर विटांचं होतं, एक खोली, पडवी, आणि कुरणाकडे उघडणारी एक खिडकी. आईच्या घराला कधी खिडकी नव्हती. दोन दिवस ती तिच्यासमोरच बसून भाजी निवडत होती. मी तिला पाहायचो आणि मला वाटायचं, झालं ते झालं. ही इथं बसली आहे, एवढं पुरे आहे.

चैत्रात एकोणचाळीस नर गायला लागले. नऊ जुने, तीस नवे. आई अंगणात झाडत होती ती थांबली.

"हे कोणते पाखरं हायेत?"

"चंडोल, आई. आपल्याच माळावरचे. लहान होते तेव्हा आणले."

ती ऐकत राहिली. बराच वेळ. तिनं सत्तर पावसाळे त्याच माळावर काढले होते.

"आपल्या माळाचे नाईत हे."

"आपलेच आहेत. मीच आणले."

"आपले असते तं हाक देल्ली असती. हे नुसतं सगळ्याइचं सांगून राहिले. घार अशी बोलते, मांजर असं बोलते." तिनं झाडू उचलला. "सोताचं काइच नाई काहून? कोनी यावं तरी कसं याइच्यापाशी?"

मला तीन दिवस चाचांबरोबर बसून जे कळलं ते तिला अंगण झाडता झाडता कळलं. मी आत गेलो, डगला चढवला, आणि अमरावतीची मोटार धरली.

गोगटे साहेब कचेरीत एकटेच होते. त्यांची बढती होऊन ते महिनाअखेर जाणार होते. मी दारातच उभा राहून सांगितलं. "माद्या येतात, साहेब, अन् जातात. मागच्या वर्षीबी येत होत्या अन् जात होत्या. एकबी घरटं नाही. मले तेव्हाच माहीत होतं."

 साहेबांनी अगदी हळू विचारलं, "मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"मले आईले आणायचं होतं."

एवढी वर्षं साहेबांसमोर मी असा बोललो नव्हतो. त्यांनी मान हलवली. कपाट उघडलं, योजनेची फाइल काढली, टेबलावर ठेवली आणि उघडली नाही. "ह्याच्यावर वरून शाबासकीचं पत्र आलं आहे, देवमन," ते म्हणाले. "माझी बढती ह्याच्यावर आहे. तुझं कायम होणंही ह्याच्यावर. तू लेखी दिलंस तर मला ते वर पाठवावं लागेल. मग हे दोन्ही जातील. आणि ती एकोणचाळीस पाखरं आहेत तशीच राहतील." ते खाली बघत होते. "तू द्यायचं ठरवलंस तर मी घेईन. अडवणार नाही."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. मी तो बराच वेळ पाहिला. मग त्यांना नमस्कार केला आणि परत आलो. त्यांनी मला अडवलं असतं तर मी त्यांच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडली असती. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

त्या वर्षी सहा माद्या होत्या. चौसष्टला दोन. चंडोल फार जगत नाही, आणि ह्या सगळ्या आधीच वयाला आलेल्या होत्या. पासष्टच्या चैत्रात मी रोज सकाळी दगडामागून दगड फिरलो आणि एकही मादी दिसली नाही. नर होते, एकवीस. गात होते. नव्या साहेबांनी रस्त्यावर पाटी लावली आणि अमरावतीहून माणसं डबे घेऊन ऐकायला यायला लागली. चाचाही एकदा आले. पळसाखाली बसले, बोटं मिटली नाहीत, उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्यानंतर आले नाहीत. त्यांचा मला राग नाही. माझा आहे, तो आहेच.

मी कायम झालो. पस्तीस वर्षं नोकरी केली, एकही ठपका नाही. खात्याच्या कागदात ती योजना आजही यशस्वी आहे.

आईनं मला कधी काही विचारलं नाही. क्वार्टर कसं मिळालं, मी त्या दिवशी डगला चढवून कुठं गेलो, काही नाही. फक्त चैत्र लागला की पहाटे, बाहेर पहिला नर सुरू झाला की, ती अंथरुणातूनच म्हणायची, "देवमन, खिडकी लाव बापा."

मी उठून लावायचो. ऐकू मात्र येतच राहायचं.